एका फडक्याची कृती

"वार्षिकांकासाठी कशावर लिहिते आहेस?" असे मैत्रिणींनी विचारले, तेव्हा मी खरे ते सांगितले, "भांडी पुसायच्या फडक्यावर." त्यावर सगळ्या हसल्या. एकीने तर "मग पुढच्या वर्षी केरसुणीवर लिही" असा सल्लाही देऊन टाकला. त्यांचे हसणे मला लागले नाही. फडके हा काही साहित्याचा विषय नव्हे, हे मलाही कळते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आईच्या शेजारी बसून मी क्रोशाच्या सुईने तीन फडकी विणली. त्यांतली दोन बिघडली, एक जमले. बिघडली ती का आणि जमले ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ओघात आईविषयी चार शब्द येतील. ते टाळता येण्यासारखे नाहीत.

मी शनिशिंगणापूरची. गावाचे नाव सांगितले की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्या घरांना खरंच दारं नाहीत का हो?" जुन्या घरांना चौकट असते, पण तीत कडीकुलपाचे दार नसते. कुत्रेमांजर आत शिरू नये म्हणून कोणी फळी टेकवून ठेवतात, कोणी नुसता पडदा सोडतात. २०११ साली गावात बँकेची शाखा उघडली तीही कुलपाविना, आणि त्याची बातमी देशभर झाली होती. आमच्या चौकटीत पडदा आहे आणि त्या पडद्याला आईने विणलेली क्रोशाची वीतभर रुंद किनार आहे. येणारेजाणारे यात्रेकरू दार नसलेले घर पाहायला थांबतात आणि किनारीचे कौतुक करून जातात.

आमच्याकडे क्रोशाचे काम म्हणजे असेच, पाहण्याचे. चौकटीवरचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल, माठावरची मणी लावलेली जाळी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलीच्या लग्नातले रुखवत. रुखवतातल्या वस्तू तर एक दिवस मांडल्या जातात आणि पुढे ट्रंकेत जातात. इतक्या बारीक कामाची वस्तू रोज वापरायची, ओली करायची, झिजवायची, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नाही.

आम्हाला मात्र फडक्याची गरज होती. देवस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची चहा-वड्याची लहानशी टपरी आहे. एरवी दिवस रेटून जातो, पण शनिवारी, आणि अमावास्या शनिवारी आली तर विचारूच नका, गर्दीला अंत नसतो. ग्लास विसळायचा, पुसायचा, भरायचा, हे अखंड चालते. पूर्वी या कामाला आजीची जुनी लुगडी असत. लुगडे विरले की त्याची फडकी होत आणि फडके विरले की त्याचे पोतेरे. आजी गेली, तिचे शेवटचे लुगडेही संपले. आईच्या साड्या सिंथेटिक, माझे ड्रेसही तसलेच. आमच्या नेवासे तालुक्यात आणि शेजारच्या शेवगावात कापूस पिकतो. आईने कितीतरी वर्षे मजुरीने कापूस वेचला आहे. पण आमच्या घरात आज फाडायला सुती चिंधी नाही, अशी ही गंमत आहे.

जुन्या साडीच्या तुकड्याने ग्लास पुसून पाहा. पाणी टिपले जात नाही, ते नुसते या बाजूचे त्या बाजूला जाते. याचे कारण धाग्यात आहे. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. शिवाय सुती धागा ओला झाला की जास्त मजबूत होतो. फडक्याच्या नशिबी कायमचे ओले राहणे असते, तेव्हा त्याला सुतासारखा धागा नाही.

म्हणून मी आईला म्हटले, "आई, क्रोशाचंच फडकं विणलं तर?"

आई माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "आगं, डोळं फोडून इणायचं आन् खरकट्यात घालायचं?"

तिचे चुकले असे मला वाटत नाही. या कामाला तिने काय मोल दिले आहे हे मला ठाऊक आहे. आई शाळेत गेली नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली. माहेरी एका मास्तरांच्या घरी ती भांडी घासायला जाई. काम झाले की ओसरीवर बसून मास्तरीणबाईंचे विणकाम पाही. पाहून पाहून ती शिकली. तिच्या मामाने सायकलचा आरा कापून, टोकाला खाच घासून तिला सुई करून दिली. ती सुई अजून तिच्या डब्यात आहे. म्हणजे भांड्यांपासून दूर नेणारी जी एक गोष्ट तिला मिळाली होती, तीच मी पुन्हा भांड्यांत घालायला निघाले होते. हे मला तेव्हा सुचले नाही, नंतर सुचले.

आई नको म्हणाली तरी मी हट्टाने एकटीच बसले. साखळी आणि खांब मला येत होते. दुकानातून लाल लोकर आणली आणि दोन दिवसांत फडके तयार केले. दिसायला सुरेख, पण ग्लासाला लावले तर साडीच्या तुकड्याची बहीण! आईने उरलेल्या लोकरीचा एक धागा तोडला आणि शेगडीच्या ज्योतीला लावला. धागा वितळला, आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. मग तिने सुती दोऱ्याचा तुकडा पेटवला. तो कागदासारखा जळला, कागद जळल्याचा वास आला आणि बोटाने चुरली जाईल अशी राखाडी राख उरली. आपण दुकानात जिला लोकर म्हणतो ती बहुधा मेंढीची नसतेच. ती ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लॅस्टिकच्याच कुळातली. ती पाणी पीत नाही आणि तापलेल्या पातेल्याला लागली तर चिकटते. वाचकांनी दोरा घेताना ही परीक्षा जरूर करावी. एक काडी पुरते.

दुसऱ्या खेपेला मी आठवडे बाजारातून गोधडीचा जाड, कोरा, सुती दोरा आणला. दोन पदर एकत्र घेऊन ४ मिलिमीटरच्या सुईने विणायला घेतले. आईची आऱ्याची सुई त्यासाठी फार बारीक पडते. आता आईही जवळ येऊन बसली. वीण तिनेच सांगितली आणि मी ती वहीत उतरवून घेत गेले. आई अक्षर वाचत नाही. बचत गटासाठी सही तेवढी शिकली आहे. मोजते मात्र बिनचूक, आणि तेही तिच्या पद्धतीने, चौकडीने. बत्तीस असे ती म्हणत नाही, आठ चौकड्या म्हणते. मी वहीत ३२ लिहिले.

वहीप्रमाणे विणत गेले आणि फडके वर वर निमुळते होत चालले. सुरुवातीला ३२ टाके होते, शेवटी मोजले तर २५ भरले. आई म्हणाली, "ह्याचा तर समोसा झाला की." त्यातून ते पाणीही टिपेना. सुती असूनही ग्लासावरचे थेंब त्याच्यावरून घरंगळत होते. मी रडकुंडीला आले. एक तर आकार चुकला होता, आणि दोराही फसवा निघाला असे वाटत होते.

दोऱ्याचे कोडे आईने सोडवले. "कोऱ्या कापडाला पाणी लागत न्हाई. आजी नवं लुगडं आधी उकळून काढायची," ती म्हणाली. याचे कारण कॉलेज सुरू झाल्यावर विज्ञान शाखेच्या एका मॅडमनी मला समजावून दिले. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. शेतातल्या कापसाचे बोंड पाण्यात टाका, ते तरंगत राहील. औषधाच्या दुकानातला कापूस टाका, तो लगेच भिजून बुडेल. दोन्ही कापूसच, पण दुसऱ्याचे मेण काढलेले असते. गिरणीत हे मेण क्षारात उकळून काढतात. घरी धुण्याच्या सोड्याने तेच काम होते.

क्रोशाच्या कामाचा एक मोठा गुण असा, की शेवटचा फास सोडून दोरा ओढला की सगळे काम सरळ उसवते आणि दोरा जसाच्या तसा परत मिळतो. आईने माझा समोसा उसवला. दोरा हात आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळून लडी केली, ती गुंतू नये म्हणून चार ठिकाणी सैलसर बांधली आणि सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळली. पाणी पिवळसर झाले. लडी स्वच्छ धुऊन वाळवली आणि तिची गुंडी केली. दोरा आधीच उकळला याचा दुसरा फायदाही झाला. सूत पहिल्या गरम पाण्यात आटते. ते आता विणण्यापूर्वीच आटून गेले होते.

राहिला आकाराचा प्रश्न. मी वही उघडून आईला म्हटले, "तू विण, मी नुसती बघते. सावकाश विण." ती विणू लागली. ओळ संपली, तिने काम उलटवले, आणि पुढचा टाका घालण्याआधी तिच्या सुईने एक लहानशी साखळी घातली. हे माझ्या वहीत नव्हते.

"आई, ही साखळी कशाला?"

"कोन्ती?"

तिला खरोखरच ठाऊक नव्हते. तीस वर्षे तिचा हात ती साखळी घालत आला होता आणि तिने ती कधी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच तिला माहीत नव्हते. मी दाखवल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "वरच्या वळीत जायचं तर पायरी नको का?" एवढ्या एका पायरीवाचून माझे फडके समोसा झाले होते. पायरी नसल्याने कडेचा टाका दबून जाई, मला तो दिसत नसे आणि प्रत्येक कडेला मी तो गाळत असे.

तर आता कृती. यातले प्रत्येक वाक्य आईकडून तपासून घेतले आहे. मी वाचून दाखवले आणि ती तसतसे विणत गेली.

साहित्य : उकळून घेतलेला जाड सुती दोरा साधारण ५० ग्रॅम, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई, कात्री.

वीण : हिच्यात दोनच टाके लागतात. पहिला मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून घ्यावा. सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढावा. दुसरा खांब. आधी सुईवर दोरा गुंडाळून घ्यावा, मग सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढावा. सुईवर तीन फास होतात. दोरा घेऊन दोन फासांतून काढावा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोहोंतून काढावा.

पहिली ओळ : ३३ साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, पुन्हा मुका खांब, पुन्हा खांब, असे शेवटपर्यंत जावे. ३२ टाके होतील आणि शेवटचा खांब असेल.

दुसरी ओळ : काम उलटवावे. एक साखळी घालावी. हीच ती पायरी. ती टाक्यांत मोजू नये. आता अगदी कडेच्या पहिल्याच टाक्यात मुका खांब घालावा. पुढे नियम एकच : खांबावर मुका खांब आणि मुक्या खांबावर खांब. ओळीचा शेवट पुन्हा खांबाने होईल. न झाल्यास कुठेतरी टाका गळला आहे असे समजून मागे जावे.

पुढच्या सगळ्या ओळी दुसरीप्रमाणेच. दर ओळीला आठ चौकड्या मोजाव्यात. फडके चौरस झाले की नाही हे पाहायला पट्टी लागत नाही. एक कोपरा तिरका समोरच्या बाजूवर दुमडावा, कडा जुळल्या की झाले. शेवटी दोरा कापून फासातून ओढून घ्यावा आणि टोक विणीत दडवावे. टांगण्यासाठी कोपऱ्यात दहा साखळ्यांचा फास ठेवला तर उत्तम.

ही वीण सपाट येत नाही, दाणेदार येते, आणि तिचे सगळे मर्म त्या दाण्यांत आहे. खांब मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच असतो. दोन बुटक्यांच्या मध्ये एका उंचाला दाटीने बसवले की त्याला सरळ उभे राहता येत नाही. तो पोट काढून पुढे येतो. वरच्या ओळीत जागा बदलतात, म्हणून फुगवटे एकाखाली एक न येता बुद्धिबळाच्या पटासारखे येतात. वाळलेली साय किंवा चहाचा डाग हे फुगवटे खरवडून काढतात, मधले खळगे पाणी धरतात, आणि विणीतल्या बारीक भोकांतून हवा खेळत असल्यामुळे फडके लवकर वाळते. फडक्याला कुबट वास येतो तो ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे. जे लवकर वाळेल त्याला तो कमी येईल. तरीही आठवड्यातून एकदा ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावे. ॲक्रिलिकला हे सोसले नसते, सुताला सोसते.

इथवर लिहून झाल्यावर मला प्रश्न पडला, की हे सगळे आजवर कोणी लिहून ठेवले असेल की नाही. ग्रंथालयात बसून थोडे शोधले. क्रोशे हा शब्द फ्रेंच, त्याचा अर्थ लहान आकडा. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून घरे चालवली. एलिओनोर रिएगो नावाच्या बाईंनी त्याच दशकात विणीच्या कृतींची पुस्तके छापली. म्हणजे हाताने केलेले शब्दांत बसवण्याचा हा खटाटोप पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. आपल्या देशात हे काम मिशनरी बायकांमार्फत पसरले. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

याच नरसापूरचा उल्लेख आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी वर्गात केला होता. मारिया मीस या जर्मन विदुषींनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिले. त्या बायका रोज तासन्‌तास विणत, त्यांचा माल परदेशी जाई, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. घरी बसणाऱ्या गृहिणी रिकाम्या वेळात काहीतरी करतात, असे मानले जाई आणि मजुरीही त्याच हिशोबाने मिळे. सर हे सांगत असताना मी खाली मान घालून बसले होते. कारण प्रथम वर्षाचा प्रवेश अर्ज भरताना "आईचा व्यवसाय" या रकान्यात मीच माझ्या हाताने "गृहिणी" असे लिहिले होते. पहाटे चारला उठून टपरी उघडणाऱ्या बाईला मी गृहिणी लिहिले, आणि त्याच्या वरच्या रकान्यात "निरक्षर" लिहिताना ते शेजारच्या मुलीला दिसू नये म्हणून वर हात आडवा धरला होता.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहावा तर नगर शहरात अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाई मुलींच्या शाळा चालवीत. ती शाळा पाहून आल्यावर जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. आपल्याकडे मुलींच्या हाती पाटी इतक्या लवकर आली खरी, पण आमच्या घरापर्यंत पोहोचायला तिला फार वर्षे लागली. क्रोशाची सुई तिच्याआधी येऊन पोहोचली. त्यामुळे आईजवळ मोजणी आहे, हिशोब आहे, चूक कुठे झाली हे उसवून शोधण्याची चिकाटी आहे. फक्त ते कागदावर नाही. मी कॉलेजात येऊन काय शिकले असे कोणी विचारले, तर आता मी सांगेन, की न सांगितलेली साखळी शोधून ती वहीत लिहायला शिकले.

तिसरे फडके चौरस झाले. ते टपरीवर नेले त्या दिवशी शनिवार होता. आईने पहिल्या ग्लासावरून ते फिरवले, ग्लास उजेडाकडे धरून पाहिला आणि काही न बोलता दुसरा उचलला. संध्याकाळपर्यंत ते फडके तिच्या खांद्यावरून खाली आले नाही. रात्री मात्र म्हणाली, "अजून चार लागतील. एक वाळतं तवर दुसरं पाहिजे." त्यातली दोन तिने स्वतः विणली आणि त्यांच्या कडेला, कोणी सांगितले नसताना, पडद्याला आहे तशी बारीक किनार घातली.

यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्यात "निरक्षर" असेच लिहिले, कारण ते खरे आहे. व्यवसायाच्या रकान्यात "चहाचे दुकान व विणकाम" असे लिहिले. या वेळी हात आडवा धरला नाही.

कृती करून पाहताना कोणाला अडचण आली तर शनिवार सोडून कोणत्याही दिवशी आमच्या टपरीवर यावे. चहा मिळेल आणि आई दाखवील. मला विचारल्यास मी वहीत पाहून सांगेन. पण हात तिचाच पाहावा.

(द्वितीय वर्ष, कला)